पाय दाखवा, साहेब

गोंदियाच्या पोलीस कचेरीत टेबलावर सात फोटो मांडले होते. साहेब म्हणाला, "बाई, यातला तुमचा भासरा कोणता, त्याच्यावर बोट ठेवा." तू बोट ठेवलं नाहीस. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेतलास, जसा तो अंगणात आला की ओढायचीस. मग खाली मान घालून म्हणालीस, "म्या त्याईचा चेहरा कधी पाह्यलाच नाही, साहेब. पाय दाखवा. पाय ओरखीन मी."

सगळे हसले. साहेब हसला, लिहिणारा शिपाई हसला. "अरे, पैर का फोटो लाओ भई कोई," असं मागून कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसले. मी दाराजवळच्या बाकावर बसले होते, ललिता. मी हसले नाही. पण मी बोललेही नाही. डावीकडून तिसरा फोटो माझ्या मुलाचा होता. बाकावरून मला तो स्वच्छ दिसत होता.

तुझी तेरवी होऊन आठ दिवस झाले. मी चौथी शिकलेली बाई, मला लिहायला वेळ लागतो. तुझ्या तोंडावर जे बोलले नाही ते आता लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण दुसरं कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून नातं सांगून टाकते. तू माझी धाकटी सून. तुझा नवरा, माझा धाकटा, राइस मिलमधल्या अपघातात गेला तेव्हा तुमची पायल पहिलीत होती. माझा मोठा मुलगा खेमराज, म्हणजे तुझा भासरा. तो गोंदियाला गेला, तिथे कुडव्याला घर बांधलं, माणसं परदेशी नोकरीला पाठवायचं दुकान काढलं. आम्ही दोघी गोरेगावकडच्या गावात राहिलो, धानाच्या शेतावर.

आमच्या घरात सुनेनं भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, त्याचं तोंड पाहायचं नाही, नाव घ्यायचं नाही आणि त्याच्याशी सरळ बोलायचंही नाही. काही सांगायचं असलं तर मधे तिसरं माणूस लागतं. आपल्या घरात ते तिसरं माणूस मी होते.

ही रीत तुला मीच शिकवली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू ओसरीत पाण्याचा तांब्या घेऊन गेलीस आणि मान थोडी वर झाली. मी आत आल्यावर तुझ्या दंडाला असा चिमटा काढला की चार दिवस काळानिळा होता. "डोरे खाली," म्हणाले. तू वीस-बावीस वर्षं डोळे खाली ठेवलेस. तू त्याला पायांवरून ओळखायचीस. उजव्या पायाला करंगळी नाही. सात वर्षांचा होता तेव्हा धानाचे भारे आणताना बैलबंडीच्या चाकाखाली गेली. मी लुगड्याचा काठ फाडून बांधली होती. तू कधी विचारलं नाहीस की करंगळी कुठे गेली. विचारायचं तरी कोणाला?

आता त्या दुपारचं सांगते. दिवाळीनंतरची गोष्ट, मळणी चालली होती. पायल गोंदियाला कॉम्प्युटर शिकून घरी बसली होती. खेमराज मोटारसायकलवर आला, ओसरीत खाटेवर बसला आणि म्हणाला, "आई, तिले सांग, पोरीची नोकरी पक्की केली. बँकॉकले. ऑफिसात बसून काम. पुढच्या हप्त्यात निघाचं आहे." तू आतल्या दाराआड उभी होतीस. पायल तिकडच्या खोलीत बॅगेत कपडे भरायलाही लागली होती, तुझा होकार यायच्या आधी.

मी उठून आत आले. तू हळूच म्हणालीस, "आत्याबाई, त्याईले विचारा, कंपनीचं नाव काय, पोरगी राहनार कोठी, पत्ता कागदावर लिहून द्या म्हना. पत्ता भेटल्याशिवाय मी पाठवत नाही."

मी बाहेर गेले. खेमराज म्हणाला, "काय म्हनते?"

मी म्हणाले, "हो म्हनते."

पुन्हा आत आले आणि तुला सांगितलं, "पत्ता तिथं पोचल्यावर देतो म्हनते तो."

त्यानं असं काही म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माझ्या मुलाकडे पत्ता मागायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं मला वाटलं. त्याचा चहा थंड होत होता, त्याला निघायची घाई होती, आणि धाकट्या सुनेनं अटी घालाव्यात हे मला आवडलं नाही. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. ही गोष्ट तुला कधी कळली नाही. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस, "पत्ता देतो म्हनून बेइमान झाला." त्या एका गोष्टीत तो बेइमान नव्हता, ललिता. त्याला कोणी विचारलंच नाही.

पायलचा फोन दोन महिन्यांनी आला. कोणाचा तरी चोरून घेतलेला फोन. तू फोन मधे धरलास, आपण दोघींनी कान लावला. ती म्हणाली, "आई, मोठेबाबानं फसवलं. बँकॉक नाही हे, नदी ओलांडून दुसऱ्याच देशात आणलं. कुंपनावर तार आहे, दारावर बंदूकवाले. लोकाईसंग फोनवर खोटं बोलून त्याईले लुबाडाले लावतात. नाही केलं तर मारतात. उद्या मले दुसरीकडे नेऊन राहिले. विकलं म्हनतात. कोठी नेतात ते मोठेबाबालेच माहीत." आणि फोन बंद. पुन्हा आला नाही.

मी तिच्या मोठेबाबाला, खेमराजला फोन लावला. तो म्हणाला, "आई, पोरगी रडकी आहे. रमेल हळूहळू." आठ दिवसांनी त्याचा फोनही बंद झाला. कुडव्याच्या घराला कुलूप. बायकोसकट तोही देशाबाहेर गेला.

मग कळलं की आसपासच्या गावांतली आणखी पोरं-पोरी अशीच गेली आहेत. पण त्यांच्या घरी खेमराज स्वतः कधी गेला नव्हता, दलाल पाठवायचा. ते दलालही पळाले. आपल्या घरी मात्र तो स्वतः आला. घरचीच पोरगी, दलाल कशाला? म्हणून त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला आपलंच घर होतं.

पोलीस पहिल्यांदा घरी आले तेव्हा फोटो माझ्यापुढे धरला होता. मी म्हणाले, "मले दिसत नाही, डोऱ्यात मोतीबिंदू." "त्या दिवशी काय बोलणं झालं?" "मले ऐकू येत नाही." गोंदियाच्या शिबिरात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. तू चुलीपाशी उभी होतीस. दुसऱ्या दिवशी मी सुपात तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा म्हणालीस, "आत्याबाई, दिसत नाही ना तुमाले? मंग खडे कसे दिसतेत?" मी सूप घेऊन आत गेले.

म्हणून साक्षीदार तू एकटी उरलीस. मी सगळं पाहिलं होतं आणि मला दिसत नाही असं लिहिलं गेलं. तू डोळे वर केले नव्हतेस आणि तुझ्यापुढे सात फोटो मांडले गेले.

प्रत्यार्पण हा शब्द तू माझ्याआधी शिकलीस. माझी जीभ अजून अडखळते. साहेबानं आपल्याला समजावलं होतं, ते मला पाठ आहे. चोर दुसऱ्या देशात सापडला की आपले पोलीस तिकडे जाऊन त्याला धरून आणू शकत नाहीत. आपल्या सरकारनं त्या सरकारकडे तो मागायचा. तो द्यायचा की नाही हे तिथला न्यायाधीश ठरवतो. तो तीन गोष्टी पाहतो. इथला गुन्हा तिथेही गुन्हा आहे का. त्यानं तो केला असं म्हणायला पुरेसा पुरावा आहे का. आणि ज्याला मागता तो हाच माणूस का. कायदा वाईट नाही, असं तू म्हणालीस. उद्या कोणी निरपराध माणसाला असंच उचलून नेईल, म्हणून हे सगळं पाहावं लागतं. मी भांडले तुझ्याशी. माझं म्हणणं, पायलला नेताना कोणत्या न्यायाधीशानं काय पाहिलं? ती आपल्या देशातून उचलली, दुसऱ्या देशात उतरवली, नदी ओलांडून तिसऱ्या देशात विकली. कुठल्या शिक्क्यासाठी ती अडली? पोरीला तीन देश पार करायला वेळ लागला नाही. ज्यानं नेली त्याला आणायचं म्हटलं की साऱ्या देशांचे दरवाजे लागतात आणि प्रत्येक दारावर एक कारकून बसलेला. मी आजही तेच म्हणते.

आणि वरून हे. ती सापडली तर तिथे गुन्हेगार तीच, कारण फोनवर लोकांना तिनं लुबाडलं. साहेबच म्हणाला तसं होऊ शकतं म्हणून. मारून मारून बोलायला लावलेली पोरगी गुन्हेगार, आणि खेमराज तिकडे व्यापारी!

तो सापडला हे कळलं तेव्हा तू गोरेगावच्या बाजारात होतीस. टोपली तिथेच टाकून आलीस. चौथ्याच कुठल्या देशात, दुसऱ्या नावाचा पासपोर्ट, दाढी वाढवलेली, डोक्यावरचे केस काढलेले. देशोदेशी त्याच्या फोटोची नोटीस निघाली होती म्हणून धरला. आपले कागद ठरल्या मुदतीत पोचले नाहीत तर सोडून देतात, असं साहेब म्हणाला. म्हणून घाईघाईनं तुला बोलावलं. साक्षीदारानं फोटो ओळखायचा, मागच्या बाजूला सही करायची, तो फोटो जबानीला जोडायचा आणि सगळं तिकडच्या भाषेत करून पाठवायचं.

तू न ओळखताच सही केली असती तरी चाललं असतं, हे मी तुला घरी येताना बसमध्ये म्हणाले. आठवतं? "साहेब हलकेच इशारा करत होता तिसऱ्याकडे. ठेवाचं होतं बोट." तू माझ्याकडे पाहिलंस. "खोटं काऊन बोलू? खोटं बोलून तर नेली पोरगी." मग म्हणालीस, "तुमी ठेवाचं होतं ना बोट. तुमच्या डोऱ्याले तर ऑपरेशन झालं." बसमधली माणसं ऐकत होती. मी खिडकीबाहेर पाहिलं.

कागद तुझ्या जबानीसकट गेले. आणि परत आले. तिथल्या न्यायाधीशानं म्हटलं, ही बाई म्हणते तिच्याशी आरोपी बोलला नाही, तिनं त्याचा चेहरा पाहिला नाही, मग ती साक्षीदार कशाची? त्याच्या वकिलानं म्हटलं, हा खेमराज नव्हेच. सोडला त्याला. साहेबानं हे सांगताना तोंड पाडलं होतं, जसं काही तुझीच चूक. पायाची गोष्ट कुठेच लिहिली नव्हती. हसून झाल्यावर ती लिहायची राहिली.

त्या दिवशी तू घरी आलीस आणि माझी पेटी उघडलीस. न विचारता. त्याच्या लग्नाचा फोटो काढलास, खाटेवर ठेवलास, डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकलास आणि पाहत बसलीस. मी ओरडले, "काय करतस? लाज आहे का?" तू म्हणालीस, "पाहून राहिली. वीस वर्षाचं पाहून राहिली." किती वेळ पाहत होतीस. मग म्हणालीस, "तुमच्यावानीच नाक आहे याचं."

दुसऱ्या दिवशी तू गोंदियाला गेलीस, सांगायला की आता ओळखता येतं. साहेब म्हणाला, आधीची जबानी वेगळी आहे, बदलली तर त्यांचा वकील चिंधड्या करेल. तू परत आलीस. त्यानंतर घरात तू डोक्यावर पदर घेतला नाहीस, माझ्यापुढेही नाही, गावापुढेही नाही. बायका बोलल्या. मी त्यांच्यात बसून बोलले. ते तुझ्या कानावर गेलं असणार.

आपण एका घरात राहिलो, एका चुलीवर जेवलो आणि रोज भांडलो. मिठावरून, कोंबड्यांवरून, बांध कोणी फोडला त्यावरून. ज्यावरून भांडायचं होतं त्यावरून तू दोन-तीनदाच बोललीस. एकदा निंदण करताना म्हणालीस, "आत्याबाई, तुमचा पोरगा तुमाले पाह्यजे, माही पोरगी मले पाह्यजे. फरक इतकाच, तुमच्याले कोनी मारून नाही राहिलं." मी म्हणाले, "तो आला तर फाशी देतील त्याले." तू म्हणालीस, "नाही देत. साहेबाले विचारलं म्या. मले त्याची फाशी नाही पाह्यजे. त्यानं फक्त पायल कोठी विकली ते सांगावं. मंग तुमी त्याले दूधभात घाला." तू विचारून आली होतीस. मी तेही विचारलं नव्हतं.

मी तुझी चांगली सासू नव्हते, हे लिहून काही होत नाही. तरी तू मला दोनदा दवाखान्यात नेलंस, डोळ्यांत थेंब घातलेस, त्याच डोळ्यांत, जे मी पोलिसांपुढे आंधळे केले. तोंडानं शिव्या देत घातलेस. पण वेळ चुकवली नाहीस. असं माणूस मला माझ्या पोटातून मिळालं नाही.

तुला कावीळ झाली. तू अंगावर काढलीस, धान कापायचं होतं म्हणून. गोंदियाला नेलं तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. शेवटी शुद्धीत होतीस तेव्हा काही मोठं बोलली नाहीस. "कोंबड्याईले दाने टाकले का?" विचारलंस. मी हो म्हणाले. टाकले नव्हते. तुझ्याशी बोललेलं ते माझं शेवटचं खोटं.

तेरवीला लोक म्हणाले, सुटली बिचारी. मला राग आला. सुटली कशातून? काय सुटलं? पोरगी सापडली? तो आला? बाई वाट पाहून मेली तर तिला सुटली म्हणायचं आणि जेवून जायचं. मी पंगतीत सांगितलं, "सुटली म्हनू नका. तिचं काम अर्धं आहे." वाढणारे वरणावर तूप वाढत राहिले.

तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी मी एकटी एसटीनं गोंदियाला गेले. आता तिथे जुना साहेब नाही, एक मॅडम आहेत. त्यांनी आधी बसवलं, पाणी दिलं. मी म्हणाले, खेमराजचे कागद काढा. त्या म्हणाल्या, "अम्मा, सोच लो. लड़का है आपका."

"सोचाले लय वर्षं होते, मॅडम. आता लिवा."

त्यांनी फाईल काढली. वाचली. "पण तुम्ही तर म्हणाल्या होत्या की दिसत नाही?"

"खोटं बोलली होती. तेही लिवा."

"त्यांचा वकील म्हणेल, बुढी आता सुनेसाठी बोलून राहिली."

"सून मेली. तिच्यासाठी नाही बोलत. झालं ते बोलते."

मग मी सगळं सांगितलं. तो ओसरीत कुठे बसला, काय म्हणाला, माझ्याशी बोलला, मी आत काय सांगितलं. पत्त्याचंही सांगितलं. मॅडमनी लिहिता लिहिता माझ्याकडे पाहिलं. फोटो मांडले. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. तिकडे धरला होता तेव्हाचा दाढीवाला फोटोही त्यांच्याकडे होता. त्यावरही ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "दाढी, केस, नाव, सगळं बदललेलं आहे. ते पुन्हा म्हणतील हा तो नाही."

मी म्हणाले, "त्याले बूट काढाले सांगा."

"म्हणजे?"

"उजव्या पायाले करंगळी नाही. बंडीच्या चाकात गेली. म्या बांधली होती. नाव बदललं, दाढी वाढवली, करंगळी कोठून आननार?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. फाईल पुढे-मागे चाळली. "ही ओळखखूण इतकी वर्षं कुणी लिहिली काऊन नाही? याच्यावरच तर काम झालं असतं. हा धरला होता तेव्हाच तपासता आलं असतं."

मला तिथे इतका राग आला की मी उठून उभी राहिले. म्हणाले, "सांगितली होती, मॅडम. याच टेबलापाशी सांगितली होती. माह्या सुनेनं सांगितली. 'पाय दाखवा, पाय ओरखीन.' तुमचे लोक हसले. हसले आनि लिवली नाही." मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मी म्हणाले, "आनि मी त्या बाकावर बसली होती. मले करंगळीचं ठाऊक होतं. मीही नाही बोलली. तुमच्या लोकाईले शिव्या देते, तर माह्याही नावानं लिवा."

सात फोटो मांडून चेहरा विचारतात, कारण चेहरा सगळेच पाहतात असं त्यांना वाटतं. ज्या बाईला आम्ही चेहरा पाहू दिला नाही, तिनं पाहिलं ते खरं पाहिलं होतं. तिची साक्ष सगळ्यांत पक्की होती. तिकडच्या न्यायाधीशापर्यंत ती पोचलीच नाही. इथल्या इथेच हसण्यात गेली. मला कायद्याचं चौथीपुरतंही कळत नाही, पण इतकं कळतं की देशादेशांचे करार दिल्लीत लिहिले जातात आणि तुटतात ते गोंदियाच्या टेबलावर, एका बाईचं वाक्य लिहायचा कंटाळा केला म्हणून. आणि आमच्या ओसरीत, एका बाईचा प्रश्न दारातून बाहेर नेला नाही म्हणून.

कागद पुन्हा वर जातील म्हणतात. मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून तिकडे. तिकडच्या भाषेत करायचे, शिक्के मारायचे. तो अजून त्याच देशात आहे का, हे कोणी सांगत नाही. पायलचं कोणीच काही सांगत नाही. मॅडमनी एवढंच म्हटलं, "अम्मा, तब्येत सांभाळा. तिकडचं कोर्ट मागेल तर तुम्हाला व्हिडिओवर बोलावं लागेल." म्हणजे मला मरता येत नाही. बरं आहे. सकाळी डोळ्यांत थेंब मीच घालते आता, अर्धे गालावर जातात.

फोटोच्या मागे सही करायला सांगितली. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली आरोपीशी नातं लिहायची जागा होती. तिथे 'आई' लिहिलं. आणि त्याचं नाव मोठ्यानं वाचलं, खेमराज, जे तू कधी घेतलं नाहीस.

त्या दुपारी ओसरीत खाटेवर खेमराज होता, दाराआड तू होतीस, खोलीत पायल बॅग भरत होती आणि मधे मी होते. तू गेलीस. पायल कुठे आहे माहीत नाही. तो येईल की नाही माहीत नाही. त्या दुपारचं सगळं पाहिलेली, ऐकलेली, या घरात जिवंत उरलेली मी आहे. त्याची आई.